रस्त्यावर माणूस गेला, चालकाला शिक्षा काय आणि कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लळिंगपासून पळासनेरपर्यंतचा आग्रा रोड, नवापूरहून मुक्ताईनगरकडे जाणारा सुरत–नागपूर महामार्ग, चाळीसगावचा कन्नड घाट, तळोदा–धडगावमधला चांदशैली घाट. या रस्त्यांनी खान्देशातली किती घरं पोरकी केली आहेत ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंत्यविधी उरकला की नातेवाईक वकिलाकडे किंवा पोलीस ठाण्यात जे प्रश्न घेऊन जातात, त्यांची उत्तरं इथे आहेत. न्यायालयानं शिक्षा कशी ठरवावी याबद्दल आमचं मतही सांगितलं आहे.

चालकाला जास्तीत जास्त किती वर्षं कैद होऊ शकते?

आधी अपघाताची तारीख पाहा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या अपघाताला जुनी भारतीय दंडसंहिता लागते, कलम ३०४-अ. त्यात कमाल २ वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसत्या दंडावरही सुटका होऊ शकत होती. त्या तारखेपासून पुढच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं. त्यात कमाल ५ वर्षं कैद आणि शिवाय दंड. शब्दरचना बदलल्यामुळे आता केवळ दंड भरून सुटता येत नाही. पण किमान कैद किती, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. खरा वाद तिथेच आहे.

पळून गेल्यास १० वर्षांची शिक्षा आहे ना?

ती कलम १०६(२) मध्ये आहे. बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मारला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर १० वर्षांपर्यंत कैद. मात्र जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर संप केला आणि केंद्र सरकारनं बाकीची संहिता लागू करताना हे एक पोटकलम बाजूला ठेवलं. त्यामुळे पळालेल्या चालकावर सहसा १०६(१), कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि मोटार वाहन कायद्याची कलमं १३४ व १८७ (अपघातानंतर मदत न करणं, न कळवणं) लावली जातात.

आम्ही कलम १०५ लावायची मागणी केली, पोलीस ऐकत नाहीत. का?

कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, जुनं ३०४. त्याच्या दुसऱ्या भागात १० वर्षांपर्यंत कैद आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. त्यासाठी निष्काळजीपणा पुरत नाही. आपल्या कृत्यानं माणूस मरू शकतो याची चालकाला जाणीव होती, हे सिद्ध करावं लागतं. दारू पिऊन फुटपाथवर गाडी घालणं, महामार्गावर उलट्या दिशेनं भरधाव येणं, ब्रेक लागत नाहीत हे माहीत असून घाट उतरणं, अशा प्रकारांत ती जाणीव दाखवता येते.

मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये झोपलेल्या सात जणांचा जीव गेला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधच मानला आणि ३ वर्षांची कैद कायम ठेवली. दिल्लीतल्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू खटल्यातही २०१२ मध्ये तेच कलम टिकलं, पण आधीच भोगलेली दोन वर्षांची कैद पुरेशी धरली गेली आणि वर ५० लाख रुपये व दोन वर्षं समाजसेवा लावली गेली. कलम मोठं असलं की शिक्षा मोठी होतेच असं नाही, हे या दोन्ही निकालांतून दिसतं.

पुरावा नसताना १०५ चा हट्ट धरण्यात एक धोका आहे. कलम टिकतं की नाही या वादात वर्षं निघून जातात आणि तोवर साक्षीदारांना रस्त्याची कोणती बाजू होती हेही आठवेनासं होतं. पुरावा असेल तर मात्र मागणी लेखी द्या, पोच घ्या आणि कोणती वस्तुस्थिती जाणीव दाखवते ते मुद्द्यानुसार लिहा. १०५ लागलं तर एक फायदा हमखास मिळतो. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम १७६(३) मध्ये आहे. १०६(१) मध्ये ते बंधन नाही.

चालक त्याच दिवशी जामिनावर सुटला. म्हणजे केस संपली?

नाही. १०६(१) जामीनपात्र आहे, जामीन हा त्याचा हक्क आहे. खटला त्यानंतरच सुरू होतो. जामिनावरून संतापून रास्ता रोको करण्यात जे सहा तास जातात, त्यातच पुरावा पुसला जातो.

मग पहिल्या दोन दिवसांत आम्ही काय करायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. बहुतेक खटले कायदा कमी पडला म्हणून हरत नाहीत. ते घटनास्थळाच्या पंचनाम्यात हरतात.

घरातलं जवळचं माणूस दवाखान्यात आणि शवविच्छेदनाच्या धावपळीत असणारच. म्हणून भाऊबंदांपैकी किंवा गावातला डोकं शांत असलेला एक जण फक्त पुराव्यासाठी मोकळा ठेवा. त्यानं आधी जागेचे फोटो काढायचे. दूरून चारी दिशांनी, मग जवळून टायरचे ओरखडे, काचांचा आणि मातीचा सडा, गाडीचे अंतिम ठिकाण, किलोमीटरचा दगड, खड्डा, दुभाजकात बेकायदा पाडलेली वाट, बंद दिवा. प्रत्येक फोटोत मोजमापासाठी काहीतरी असावं, टेप नसेल तर चप्पलही चालते.

ओरखड्यांची लांबी इतकी महत्त्वाची का, ते आकड्यात पाहा. ओरखडा किती मीटर, त्याला २५४ नं आणि रस्त्याच्या घर्षणांकानं (टायर रस्त्याला किती धरतो तो आकडा) गुणून वर्गमूळ काढलं की ताशी किलोमीटरमध्ये अंदाजे किमान वेग मिळतो. कोरड्या डांबरावर मोटारीसाठी घर्षणांक साधारण ०.७ धरतात. २० मीटरच्या ओरखड्याला वेग सुमारे ६० निघतो, ४० मीटरला सुमारे ८४. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ च्या आसपास येतो आणि हिशोब बदलतो. भरलेल्या ट्रकचा आकडा मोटारीपेक्षा कमी असतो. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेली गाडी फारच फिकट खुणा सोडते. पंचनाम्यात नुसतं "ब्रेकच्या खुणा दिसून येतात" असं लिहिलं असेल तर यातलं काहीच करता येत नाही. लांबी मीटरमध्ये आणि रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर लिहून घेण्याचा आग्रह धरा.

त्यानंतर सीसीटीव्ही. ढाबा, पेट्रोलपंप, केळीचं पॅकिंग शेड, सोनगीर किंवा शिरपूरचा टोलनाका. चित्रण साठवणारा डीव्हीआर भरला की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्यात तर कुठे महिन्याभरात. म्हणून तपासी अंमलदाराला पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, त्यात कॅमेऱ्याची जागा आणि वेळ नमूद करा. चित्रण पेनड्राइव्हवर मिळालं तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र नसेल तर ते कोर्टात अडकतं. दोन टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळांवरून सरासरी वेग काढता येतो. धडकेच्या क्षणीचा वेग त्यातून सिद्ध होत नाही, पण चालक किती तास न थांबता गाडी हाकत होता ते नक्की कळतं.

साक्षीदार म्हणून नातेवाइकांपेक्षा टपरीवाला, मागच्या गाडीचा चालक, बसचा वाहक जास्त मोलाचा. त्याची साक्ष भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यावी अशी विनंती करा. पुढे तो फितूर झाला तरी तो जबाब उलटतपासात उपयोगी पडतो.

आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीआधी गाडी सुपुर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत मालकाच्या ताब्यात) सुटता कामा नये. एकदा गॅरेजला गेली की ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांची मूळ अवस्था परत मिळत नाही.

"गाडी भरधाव होती" असं चार जणांनी सांगितलं, तरी आरोपी सुटला. असं का होतं?

कारण "भरधाव" हा शब्द प्रत्येकासाठी वेगळा असतो. नुसत्या जास्त वेगाच्या साक्षीवरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच स्पष्ट केलं आहे. साक्षीदारानं काय पाहिलं ते यायला हवं: ट्रक पांढरी रेघ ओलांडून समोरच्या बाजूला आला, वळणावर ओव्हरटेक करत होता, शाळेजवळच्या गतिरोधकावर ब्रेक लावला नाही, चालकाच्या कानाला मोबाइल होता. पोलीस जबाबात "भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने" ही ठरावीक ओळ प्रत्येकाच्या तोंडी घातलेली असेल तर ती दुरुस्त करून घ्या.

चालक प्यायलेला होता, पण रक्ताचा अहवाल निल आला. हे कसं?

बहुतेक वेळा उशिरामुळे. शरीर दर तासाला १०० मिलिलीटर रक्तामागे साधारण १५ मिलीग्रॅम अल्कोहोल संपवतं. कायद्याची मर्यादा ३० मिलीग्रॅम. अपघाताच्या वेळी ९० मिलीग्रॅम असलेला माणूस चार तासांनी मर्यादेवर येऊन ठेपतो. म्हणून रक्त कधी घेतलं ती वेळ मिनिटासकट नोंदलेली हवी. दुसरी चूक नमुन्यात होते. सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवला, किंवा रक्त सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीऐवजी साध्या बाटलीत ठेवलं, तर बचावाला आयता मुद्दा मिळतो. बाटलीवरचं लेबल, सील, कोणाच्या ताब्यात किती दिवस पडून होती, या साखळीतला एक दुवा तुटला तरी अहवाल निरुपयोगी होतो. चालक जखमी होऊन दवाखान्यात असला तरी नमुना घेता येतो. मागणी मात्र लगेच करा.

"ब्रेक फेल झाले" म्हटलं की चालक सुटतो का? आणि मालकाचं काय?

जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. तेव्हाही ब्रेक गेल्याचंच सांगितलं गेलं. बिजासन घाटाच्या उतारानंतर हे कारण वारंवार ऐकू येतं, पण ब्रेक निकामी होण्याला बहुधा माणसाचाच हात असतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर धरत नाही. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल असेल तर हे आणखी लवकर होतं.

तेव्हा तपासात विचारायला हवं: लायनर किती झिजलेलं होतं? एअर टाकीचा दाब किती? गिअर कोणत्या स्थितीत सापडला? वजनकाट्याची पावती कुठे आहे? योग्यता प्रमाणपत्र चालू होतं का? (मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी लागतं, नंतर दरवर्षी.) दोष माहीत असूनही मालकानं गाडी रस्त्यावर आणली असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० त्याला लागतं. आमच्या मते इथे कायदा फार तोकडा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता. सावदा–रावेरची केळी घेऊन दिल्लीच्या वाटेला लागलेल्या चालकाला ठरल्या वेळेत न पोचल्यास भाडं कापण्याची धमकी असेल, तर डुलकीचा गुन्हा एकट्या चालकाचा नाही. फोनचे तपशील आणि भाड्याची चिठ्ठी जप्त करून मालकालाही आरोपी करण्याइतका पुरावा जमवणं शक्य आहे. ते करायला हवं.

न्यायालयानं शिक्षा ठरवताना नेमकं काय पाहावं?

आपल्याकडे यासाठी लेखी मार्गदर्शक श्रेणी नाही. त्यामुळे एकाच प्रकारच्या अपघातात एका ठिकाणी सहा महिने, दुसऱ्या ठिकाणी कोर्ट उठेपर्यंतची कैद असं होऊ शकतं. पंजाबमधल्या एका खटल्यात उच्च न्यायालयानं एक वर्षाची शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ती सहा महिने केली. २००० मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं होतं की अशा गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं सामान्यतः योग्य नाही.

आमचं मत असं की किती माणसं मेली यापेक्षा चालकानं धडकेआधी काय निवडलं हे आधी तोलावं. क्षणभर नजर हटून एसटीत चढणाऱ्या माणसाला धक्का लागणं वेगळं. मोबाइलवर बोलत, प्यायलेल्या अवस्थेत, घाटात वळणावर ओव्हरटेक करणं वेगळं. पहिल्यात चूक आहे, दुसऱ्यात निर्णय आहे. दोघांनी एकेक जीव घेतला तरी शिक्षा सारखी असू नये. ब्रिटनमध्ये हीच विभागणी कायद्यात आहे: निष्काळजी चालवण्यातून मृत्यू झाला तर कमाल ५ वर्षं, धोकादायक चालवण्यातून झाला तर २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत.

त्यानंतर धडकेनंतरचं वागणं. जखमीला उचललं का? १०८ ला फोन केला का? की गाडीची नंबरप्लेट काढली, दुसरा चालक उभा केला? आधीची चलनं, आधीचे खटले. आणि गरिबी? ट्रकचालक गरीब आहे आणि कुटुंब उघड्यावर येईल, हा मुद्दा प्रत्येक खटल्यात येतो. तो खोटा नसतो. पण मेलेला माणूसही बहुतेकदा मोटरसायकलवरचा शेतमजूर किंवा सायकलवर दूध घालणारा असतो. गरिबी दंडाची रक्कम ठरवताना पाहावी. कैदेचा काळ ठरवताना तिला एवढं वजन देऊ नये.

लांबलचक कैदेपेक्षा शिक्षेची खात्री जास्त कामाची, असं आम्ही ठामपणे मानतो. दोन वर्षांत लागलेला एक वर्षाच्या कैदेचा निकाल चालकांच्या जगात पोचतो. बारा वर्षांनी लागलेला पाच वर्षांचा निकाल कुणाला कळतही नाही.

तालुक्याचं कोर्ट पाच वर्षं शिक्षा देऊ शकतं का?

नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. १०६(१) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. त्यांचा अधिकार कमाल ३ वर्षं कैद आणि ५०,००० रुपये दंड इतकाच. जास्त शिक्षा योग्य वाटली तर ते प्रकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६४ खाली मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. सरकारी अभियोक्त्यानं तशी विनंती करायला हवी. शिवाय त्याच संहितेच्या कलम ३९५ खाली आरोपीनं कुटुंबाला भरपाई द्यावी असा आदेश होऊ शकतो. दंड न लावता दिलेल्या अशा भरपाईला ५०,००० ची मर्यादा नाही.

लायसन्स रद्द होतं का?

आपोआप नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० खाली न्यायालय दोषी चालकाला लायसन्ससाठी अपात्र ठरवू शकतं, आणि कलम १९ खाली आरटीओलाही स्वतंत्र अधिकार आहे. शिक्षेवरच्या सुनावणीत सरकारी पक्षानं ही मागणी लेखी केली नाही तर ती बहुतेकदा निकालपत्रात येतच नाही. माणूस मारल्याबद्दल दोषी ठरलेला चालक तुरुंगातून सुटून त्याच आठवड्यात पुन्हा स्टिअरिंगवर बसतो, हे थांबवणं आम्हाला कैदेइतकंच मोलाचं वाटतं. अपघाती मृत्यूच्या खटल्यातल्या प्रत्येक शिक्षेसोबत किमान काही वर्षांची अपात्रता आणि नव्यानं परीक्षा सक्तीची असावी.

गाडी १६ वर्षांच्या पोरानं चालवली होती. शिक्षा कोणाला?

पालकाला किंवा गाडीमालकाला, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं हे पालकानं सिद्ध करायचं असतं. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा नाही तो 'घृणास्पद' धरता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. त्यामुळे अशा मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवणं फार अवघड आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात अल्पवयीन चालकाला जामिनासाठी ३०० शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतरही कायद्याचा हा भाग तसाच आहे.

समोरची पार्टी पैसे देते म्हणते. मिटवून घ्यावं का?

हा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही. स्टॅम्पपेपरवर सही केली तरी खटला चालू राहतो. पण ती सही भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरली जाते. वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही अंगठा उठवू नका.

भरपाई किती मिळते?

फौजदारी खटल्याशी तिचा संबंध नाही. चालक निर्दोष सुटला तरी मोटार अपघात दावा प्राधिकरणात भरपाई मिळू शकते, कारण तिथे पुराव्याचं माप वेगळं आहे. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे तो चालतो. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा.

हिशोब असा: वय ३४, केळी कापणीची कमाई महिना १२,०००. वय चाळिशीच्या आत आणि पगारी नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून १६,८००. वर्षाचे २,०१,६००. मागे बायको, दोन मुलं, आई असे चार अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा: १,५१,२००. त्या वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो ठरलेला आकडा) १६. एकूण २४,१९,२००. यात सहवास हानी (जवळचं माणूस गमावल्याची भरपाई), अंत्यविधी आणि संपदा हानीच्या रकमा वेगळ्या जोडायच्या. कमाईचा कागद नसतो तिथे सगळं गळतं, म्हणून मुकादमाची वही, बँकेचा उतारा, व्यापाऱ्याची पट्टी जपून ठेवा.

मजूर मालाच्या गाडीतून जात होते. विमा मिळेल का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान पंधरा मजूर दगावले. अशा वेळी विमा कंपनी म्हणते, हे फुकटचे प्रवासी. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. भरण-उतरणीचे हमाल गाडीमालकाचे कामगार म्हणून दावा करू शकतात. म्हणून प्रत्येक मजूर कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कामासाठी बसला होता हे पहिल्या जबाबातच यायला हवं. नंतर सुधारलेल्या जबाबावर कुणी विश्वास ठेवत नाही.

गाडी सापडलीच नाही तर?

मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. रक्कम तुटपुंजी आहे, पण मागावीच. पुढे गाडी सापडली तर पूर्ण दावा करता येतो.

मी चालक आहे. जमाव मारेल या भीतीनं थांबलो नाही, तर गुन्हा होतो का?

जमावाच्या संतापामुळे थांबणं शक्य नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ त्याला सूट देतं. पण पुढचं पोलीस ठाणं किंवा टोलनाका येताच थांबून कळवा, ११२ आणि १०८ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा. त्या एका फोनची नोंद शिक्षेच्या वेळी तुमच्या बाजूनं उभी राहते. शंभर किलोमीटर जाऊन ट्रक धुतला तर मात्र भीतीचं कारण कुणी मानणार नाही.

निकाल पटला नाही तर?

आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, तर कुटुंबाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली स्वतः अपील करता येतं. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर ते सत्र न्यायालयात जातं. शिक्षा कमी झाली एवढंच गाऱ्हाणं असेल तर अपील सरकारनं करायचं असतं, म्हणून जिल्हा सरकारी वकिलांकडे लगेच लेखी निवेदन द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. निकालाची प्रमाणित प्रत मागायचा अर्ज निकालाच्याच दिवशी करा.